जुना संगणक घेताना यंत्रालाच विचारा

विंडोज १० साठी मिळणारे नेहमीचे मोफत सुरक्षा-अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. विंडोज ११ जुन्या यंत्रांवर अधिकृतपणे चढत नाही. त्यामुळे चांगले चालणारे संगणकही कचेऱ्यांतून बाहेर निघतात, मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात जातात आणि तिथून पुसून-चकचकीत करून तालुक्याच्या गावी येतात. पेण आणि रोह्यात हा माल घेणारी गिऱ्हाइकं कमी नाहीत. हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखानदाराला ऑर्डरींची नोंद ठेवायची असते, मूर्तींचे फोटो पाठवायचे असतात. लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात प्रवेश मिळालेल्या मुलीला लॅपटॉप हवा असतो. धाटावच्या एमआयडीसीत जॉबवर्क करणाऱ्याला बिलांपुरतं यंत्र पुरतं. प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच: ‘आय-फाइव्ह आहे, आठ जीबी रॅम आहे, एसएसडी आहे. घेऊ का?’

या तीन शब्दांवरून घ्यावं की सोडावं, काहीच ठरत नाही. इंटेलचा पहिला आय-फाइव्ह २००९ साली आला आणि तेच नाव पुढे चौदा पिढ्या चाललं. आठ जीबी रॅम म्हणजे आठची एक पट्टी की चार-चारच्या दोन, आणि डीडीआर३ की डीडीआर४, हे त्या शब्दांत येत नाही. एसएसडी नवी की कुणाच्या कचेरीत झिजलेली, तेही नाही. दुकानदार खोटंच बोलतो असं नाही. पुष्कळदा त्यालाही ठाऊक नसतं. त्याच्याकडे माल लॉटमध्ये आलेला असतो. तेव्हा दुकानदाराकडून पाच-दहा मिनिटं आणि एक कीबोर्ड मागून घ्या, आणि यंत्रालाच विचारा.

हे विचारायचं कमांडने. आपल्याकडे बहुतेकांचा संगणकाशी परिचय एमएस-सीआयटीतून झाला आणि हाताला माऊसची सवय लागली, म्हणून काळा पडदा उघडला की ‘काही बिघडेल’ अशी धास्ती वाटते. इथे सांगितलेल्या तपासणीच्या कमांड फक्त वाचतात. काही पुसत नाहीत, काही बदलत नाहीत. कमांडचा मोठा फायदा असा की त्यासाठी विंडोजवर बाहेरचं सॉफ्टवेअर टाकावं लागत नाही, आणि मुंबईत नोकरी करणारा मुलगा रोह्यातल्या वडिलांना ती फोनवर सांगू शकतो. ‘डावीकडे चाकासारखं चित्र आहे ना, त्याच्या खाली…’ असं अर्धा तास चालणारं संभाषण वाचतं.

मीही इथे फोनवर सांगावं तशाच कमांड लिहिणार आहे. टाइप करायच्या त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत. स्पेलिंगमध्ये घोटाळा होण्यासारखा असेल तिथे अक्षरं सुटी करून देतो. विंडोजला अक्षर मोठं की लहान याचं सोयरसुतक नसतं. लिनक्सला असतं, तिथे सगळं लहान लिपीत लिहा.

स्टार्टचं बटण दाबा, ‘पॉवरशेल’ टाइप करा आणि त्यावर उजवी क्लिक करून ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ निवडा. पहिली कमांड: ‘सिस्टिमइन्फो’ (एस-वाय-एस-टी-ई-एम, लगेच पुढे आय-एन-एफ-ओ, मध्ये जागा नाही). काही सेकंद थांबलात की यंत्र बनवणारी कंपनी, मॉडेल, विंडोजची आवृत्ती, एकूण मेमरी आणि नेटवर्क कार्ड अशी लांब यादी येते. तिच्यात ‘ओरिजिनल इन्स्टॉल डेट’ अशी एक ओळ असते. ती तारीख विंडोज कधी टाकली त्याची, यंत्र कधी बनलं त्याची नव्हे. ‘बघा, मागच्या महिन्यातलं आहे’ म्हणून कुणी ती दाखवली तर हसून पुढच्या कमांडकडे जा.

वय काढायचं असेल तर अनुक्रमांक लागतो. ‘जीसीआयएम’, एक जागा, ‘विन३२’, खालची रेघ, ‘बायोस’. यात जीसीआयएम ही चार अक्षरं म्हणजे जी-सी-आय-एम, आणि खालची रेघ म्हणजे अंडरस्कोअर, पुढेही तसंच. उत्तरात ‘सीरियल नंबर’ येतो. डेल, एचपी, लेनोवो या कंपन्यांच्या वॉरंटी तपासायच्या पानावर हा क्रमांक टाकला की मूळ वॉरंटी कधी सुरू झाली आणि कधी संपली ते कळतं. यंत्राचा हा सगळ्यात भरवशाचा जन्मदाखला. क्रमांकाच्या जागी ‘टु बी फिल्ड बाय ओ.ई.एम.’ अशी ओळ आली, तर यंत्र बहुधा असेंबल केलेलं आहे आणि मदरबोर्डमध्ये कुणी क्रमांक भरलाच नाही. त्यात वाईट काही नाही. मात्र अशा वेळी ‘ब्रँडेड’ म्हणून जास्त पैसे देऊ नका. डबा एका कंपनीचा आणि क्रमांक दुसऱ्याच मॉडेलचा निघाला, तर आतला बोर्ड बदललेला आहे.

पुढे प्रोसेसर: ‘जीसीआयएम विन३२_प्रोसेसर’. उत्तरात पूर्ण नाव येईल, उदाहरणार्थ ‘कोअर आय५-६५००’. रेघेनंतर चार आकडे असतील तर पहिला आकडा पिढीचा: ६५०० म्हणजे सहावी पिढी, साल २०१५. पाच आकडे असतील तर पहिले दोन: १२४०० म्हणजे बारावी. दहाव्या पिढीपासून पुढच्या काही लॅपटॉपांत १०३५जी१ अशी नावं येतात, तिथेही पहिले दोनच धरायचे. तीनच आकडे दिसले तर ती पहिली पिढी. नमस्कार करून बाहेर पडा. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून येतात आणि एएमडीचे रायझन २००० मालिकेपासून. लॅपटॉपमध्ये सातवी आणि आठवी या दोन पिढ्यांत आणखी एक फरक आहे. आय५-७२००यू मध्ये दोनच कोअर आहेत, आय५-८२५०यू मध्ये चार. नावात दोन्ही आय-फाइव्ह, आणि किमतीत फारसा फरक नसेल तर कुठला घ्यायचा ते उघड आहे.

विंडोज ११ साठी प्रोसेसरबरोबर टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते. ‘टीपीएमटूल गेटडिव्हाइसइन्फर्मेशन’ (दोन शब्द, मध्ये एक जागा) ही कमांड तिची आवृत्ती सांगते. टीपीएम सापडलीच नाही तर ती बायोसमध्ये बंद करून ठेवलेली असू शकते, म्हणून एवढ्यावरून यंत्र नाकारू नका. दुकानदाराला चालू करून दाखवायला सांगा. कुणी तुम्हाला ‘डब्ल्यूएमआयसी’ ने सुरू होणाऱ्या कमांड शिकवल्या असतील तर त्या आता विसरायला हरकत नाही. मायक्रोसॉफ्ट ते साधन विंडोज ११ मधून काढून टाकत आली आहे. जीसीआयएम तेच काम करते.

रॅमपाशी थोडं थांबावं लागेल, कारण जुन्या यंत्रावर लोकांचा पहिला खर्च रॅमवर होतो आणि तो फुकटही तिथेच जातो. ‘जीसीआयएम विन३२_फिजिकलमेमरी’ टाइप करा (फिजिकल आणि मेमरी जोडून, एफ ऐवजी पी-एच). प्रत्येक पट्टीची वेगळी माहिती येईल. ‘कपॅसिटी’ बाइटमध्ये असते, म्हणून आकडा भीतिदायक वाटतो: ८५८९९३४५९२ म्हणजे आठ जीबी, ४२९४९६७२९६ म्हणजे चार. मोजत बसू नका. त्याच खिडकीत तो आकडा टाइप करून पुढे भागाकाराची तिरपी रेघ आणि ‘१जीबी’ लिहा, पॉवरशेल स्वतः गणित करून देते. ‘एसएमबायोसमेमरीटाइप’ या ओळीत २४ असेल तर डीडीआर३, २६ असेल तर डीडीआर४, ३४ असेल तर डीडीआर५. या तिघींच्या पट्टीवरची चीर वेगवेगळ्या जागी असते. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. रोह्याहून मुंबईला जाऊन स्वस्तात रॅम आणायची आणि ती बसली नाही म्हणून परत दिवा-रोहा मेमू पकडायची, ही यातायात एका आकड्याने टळते.

‘डिव्हाइसलोकेटर’ मध्ये पट्टी कुठल्या खाचेत आहे ते दिसतं. एकूण खाचा किती, यासाठी ‘जीसीआयएम विन३२_फिजिकलमेमरीअॅरे’ विचारा. ‘मेमरीडिव्हाइसेस’ म्हणजे खाचांची संख्या, आणि ‘मॅक्सकपॅसिटी’ म्हणजे बोर्डाला झेपणारी कमाल मेमरी, ही मात्र किलोबाइटमध्ये: ३३५५४४३२ म्हणजे ३२ जीबी. बायोस इथे कधीकधी चुकीचा आकडा सांगतो. म्हणून मोठी रॅम घेण्याआधी कंपनीच्या पानावर तुमच्या मॉडेलची कमाल मर्यादा एकदा ताडून पाहा. आठ जीबीची एक पट्टी असेल आणि खाच रिकामी असेल, तर तशीच आणखी एक बसवा. दोन पट्ट्या जोडीने काम करतात तेव्हा वेगही सुधारतो, आणि ज्या यंत्रात वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही तिथे तो जास्त जाणवतो. चार-चारच्या दोन असतील आणि खाचाही दोनच असतील, तर वाढवताना किमान एक काढावी लागेल, तो खर्च किमतीच्या घासाघिशीत धरा. काही पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच डकवलेली असते. ‘नंतर वाढवू’ हा विचार तिथे सोडून द्यावा.

पेण-रोह्याच्या हवेचा विचारही इथेच करायला हवा. चार महिने पाऊस आणि बाकीचे दिवस खाडीचा दमटपणा, यात रॅमच्या पट्टीचे संपर्क मळतात आणि दोनपैकी एक पट्टी अचानक ‘नाहीशी’ होते. यंत्र चालू राहतं, फक्त रेंगाळायला लागतं. अशा वेळी वरच्या कमांडला एकाच पट्टीचं उत्तर आलं, तर लगेच नवी रॅम विकत घेऊ नका. यंत्र बंद करून वायर काढा, पट्टी काढा, संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा (दुरुस्तीवाले खोडरबर वापरतात, तोही चालतो, फक्त त्याचा चुरा खाचेत पडू देऊ नका) आणि नीट दाबून बसवा. पुन्हा विचारा. मुंबई-गोवा महामार्गावरून टेम्पोत हेलकावे खात आलेल्या यंत्राचंही हेच. दुकानात दिसलेली रॅम घरी दिसली नाही तर आधी पट्टी दाबून बघा, मग दुकानदाराला फोन करा.

आता डिस्क. जुन्या यंत्रात सगळ्यात जास्त फसगत इथे होते. प्रोसेसर सहसा झिजत नाही. डिस्क झिजते आणि जाताना तुमचा डेटा घेऊन जाते. ‘गेट-फिजिकलडिस्क’ (गेट, आडवी रेघ, फिजिकलडिस्क) ही कमांड डिस्कचं नाव, अनुक्रमांक, एचडीडी की एसएसडी, आकार आणि ‘हेल्थस्टेटस’ दाखवते. आकार ९३१ जीबी दिसला तर घाबरू नका, एक टीबीची डिस्क तशीच दिसते. बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या. ‘हेल्दी’ हा शब्द मात्र फार मनावर घेऊ नका. डिस्क अगदी गळ्याशी येईपर्यंत तो बदलत नाही.

त्यापेक्षा हे विचारा: ‘गेट-फिजिकलडिस्क’, मग उभी रेघ, मग ‘गेट-स्टोरेजरिलायबिलिटीकाउंटर’. उभी रेघ एंटरच्या आसपासच्या कळीवर शिफ्टसह मिळते. स्टोरेज, रिलायबिलिटी आणि काउंटर हे तीन शब्द सलग जोडून लिहायचे. या कमांडला अॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात, म्हणूनच सुरुवातीला तशी खिडकी उघडायला सांगितलं. उत्तरात ‘पॉवरऑनअवर्स’ म्हणजे डिस्क आयुष्यात किती तास चालू होती, आणि ‘वेअर’ म्हणजे एसएसडी किती टक्के झिजली: शून्य म्हणजे नवी, शंभर म्हणजे कंपनीने धरलेलं आयुष्य संपलं. काही डिस्क ही माहिती विंडोजला देत नाहीत, रकाना रिकामा राहतो. त्यासाठी पुढे लिनक्सचा मार्ग आहे.

तासांचा अर्थ लावायला साधा हिशेब पुरे. कचेरीत दिवसाला दहा तास आणि वर्षाला तीनशे दिवस धरले, तर वर्षाचे तीन हजार तास होतात. पाच वर्षांच्या यंत्राची डिस्क पंधरा हजार तास दाखवत असेल तर ते स्वाभाविक आहे. ‘नवी एसएसडी टाकून दिलीय’ असं सांगितलेल्या डिस्कवर पंधरा हजार तास दिसले, तर बोलणं तिथेच थांबवा. चोवीस तास चालणाऱ्या कॅमेरा-रेकॉर्डरमधून काढलेल्या हार्ड डिस्कही बाजारात फिरतात. वर्षाचे तास ८७६०, त्यामुळे तीन-चार वर्षांत त्यांचा आकडा तीस हजारांजवळ जातो.

तासांचा आकडाही पुसता येतो. २०२५ च्या जानेवारीत जर्मनीतल्या हाइजे या तंत्रज्ञानविषयक माध्यमाने उघड केलं की वापरलेल्या सीगेट हार्ड डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्या होत्या आणि त्यांच्यातला तासांचा आकडा शून्यावर आणलेला होता. सीगेटच्या डिस्कमध्ये ‘फार्म’ नावाची आणखी एक नोंदवही असते. तिच्यात खरे तास राहिले होते, त्यामुळे हे प्रकरण पकडलं गेलं. म्हणून जुन्या यंत्रात शून्य तासांची डिस्क दिसली तर तिचं वेगळं बिल मागा.

इथवर सगळं विंडोजच्या आत चाललं. पण विकणाऱ्याने टाकलेल्या विंडोजला विचारणं म्हणजे त्याच्याच मुनिमाकडून हिशेब ऐकणं. प्रोसेसरचं जे नाव विंडोज दाखवते ते रजिस्ट्रीतल्या एका नोंदीतून येतं आणि ती नोंद बदलता येते. यंत्र पुन्हा सुरू केलं की ती मूळपदावर येते, पण सुरू होताच पुन्हा बदलणारी छोटी फाइल टाकून ठेवणं अवघड नाही. पेण-रोह्यात कुणी एवढा उपद्व्याप करत असेल असं मला वाटत नाही. तरी वीस-पंचवीस हजार रुपये मोजताना आपल्या खिशातला पेनड्राइव्ह घेऊन जाण्यात काही जात नाही.

आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट किंवा उबंटू आधीच घालून ठेवा. यंत्र सुरू करताना बूट मेन्यूची कळ दाबायची: डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९. पेनड्राइव्ह निवडला की लिनक्स थेट त्यावरून चालतं, यंत्राच्या डिस्कला हात लावत नाही. फक्त ‘इन्स्टॉल’ या चित्रावर क्लिक करू नका. कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकदम दाबलं की टर्मिनल उघडतो. ‘एलएससीपीयू’ (एल-एस-सी-पी-यू) थेट प्रोसेसरला विचारून त्याचं नाव आणि कोअरची संख्या सांगते. ‘सुडो डीएमआयडीकोड -टी मेमरी’ रॅमच्या खाचा दाखवते, रिकाम्या खाचांसकट, आणि ती यादी विंडोजपेक्षा वाचायला सोपी आहे. यात सुडो म्हणजे एस-यू-डी-ओ, आणि डीएमआयडीकोड म्हणजे डी-एम-आय, पुढे जोडून डीकोड. ‘एलएसबीएलके -डी -ओ नेम,रोटा,साइझ,मॉडेल’ ही डिस्कची छोटी यादी देते. ‘रोटा’ खाली १ असेल तर आत फिरणारी हार्ड डिस्क, ० असेल तर एसएसडी.

डिस्कचं पूर्ण आरोग्य बघायला ‘स्मार्टसीटीएल’ लागतं. ते पेनड्राइव्हवर आधीपासून असेलच असं नाही. मोबाइलचं हॉटस्पॉट जोडा आणि ‘सुडो एपीटी इन्स्टॉल स्मार्टमॉनटूल्स’ द्या. ते पेनड्राइव्हवरच्या लिनक्समध्येच जातं, दुकानदाराच्या यंत्रात नाही. मग ‘सुडो स्मार्टसीटीएल -ए’, एक जागा, ‘/डेव्ह/एसडीए’. डिस्कचं नाव आधीच्या यादीत दिसलं असेल तेच घाला. पेनड्राइव्हलाही असंच नाव मिळतं, त्यामुळे आकार बघून खात्री करा. हार्ड डिस्कच्या तक्त्यात तीन ओळी शोधा, ५, १९७ आणि १९८ क्रमांकांच्या. तिन्हींच्या शेवटच्या रकान्यात शून्य हवं. ५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेल्या जागा. तिथे दोन-चार असून वाढत नसतील तर डिस्क काही काळ चालू शकते. १९७ म्हणजे वाचता न येऊन खोळंबलेल्या जागा. तिथे शून्याखेरीज काहीही दिसलं तर त्या डिस्कवर गणपतीच्या ऑर्डरी ठेवू नका. नव्या धर्तीच्या एनव्हीएमई एसएसडीत ‘पर्सेंटेज यूज्ड’ आणि ‘पॉवर ऑन अवर्स’ या ओळी वाचा.

लिनक्सनेही न सुटणारी एक गोष्ट आहे. पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि स्वस्तातल्या अनोळखी एसएसडी स्वतःचा आकार स्वतःच सांगतात, आणि खोटं सांगायला शिकवलेली चिप कुठल्याही कमांडला खोटंच सांगणार. एक टीबी म्हणवणारी वस्तू आत ६४ जीबीची असू शकते. खरं कळायला ती पूर्ण भरून परत वाचावी लागते; त्यासाठी विंडोजवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ आणि लिनक्सवर ‘एफ३’ ही मोफत साधनं आहेत. दुकानात याला वेळ नसतो. म्हणून अनोळखी नावाची मोठी एसएसडी अगदीच स्वस्त मिळत असेल तर घेऊच नका, हा माझा सरळ सल्ला.

ग्राफिक्स कार्डाबद्दल थोडक्यात. ‘जीसीआयएम विन३२_व्हिडिओकंट्रोलर’ कार्डाचं नाव सांगते, पण त्यातल्या ‘अॅडॅप्टररॅम’ या आकड्यावर जाऊ नका. तो चार जीबीच्या पुढे जाऊच शकत नाही, आठ जीबीचं कार्डही तिथे चारचंच दिसतं. जुन्या चिपवर नव्या कार्डाचं नाव चढवण्याचे प्रकार जगभर झाले आहेत, आणि ‘जीपीयू-झेड’ हे मोफत साधन अशा पुष्कळ कार्डांवर ‘फेक’ असा शिक्का मारतं. कार्यालयीन कामाला वेगळं कार्ड लागतच नाही.

लॅपटॉप असेल तर बॅटरी. ‘पॉवरसीएफजी’, एक जागा, ‘/बॅटरीरिपोर्ट’. कमांड एक फाइल बनवते आणि ती कुठे ठेवली तेही सांगते, ब्राउझरमध्ये उघडा. ‘डिझाइन कपॅसिटी’ म्हणजे नवी असतानाची क्षमता, ‘फुल चार्ज कपॅसिटी’ म्हणजे आजची. आजची निम्म्याच्या खाली असेल तर बॅटरीची किंमत सांगितलेल्या भावातून वजा करून मागा. पावसाळ्यात वीज जाणाऱ्या गावात बॅटरी ही चैनीची गोष्ट नाही.

हमरापूर, जोहे, कळवे या भागातल्या कारखानदारांसाठी थोडं वेगळं. प्लास्टर ऑफ पॅरिसची बारीक पूड आणि रंगाच्या फवाऱ्याचे कण संगणकाच्या पंख्यातून थेट प्रोसेसरवरच्या पत्र्यांत जातात, आणि दमट हवेत ही पूड तिथे थापली जाते. यंत्र मंदावतं, मालकाला वाटतं ते जुनं झालं, आणि नवं घेतलं जातं. लिनक्सवर ‘एलएम-सेन्सर्स’ हे साधन टाकून ‘सेन्सर्स’ ही कमांड द्या. नुसतं सुरू असताना चाळीस-पन्नास अंशांच्या घरात असलेलं तापमान ठीक. थोडं काम देताच नव्वदीच्या पुढे गेलं, तर आतली वाट बुजली आहे. बहुतेक इंटेल प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास आपला वेग आपणच कमी करतात. अशा यंत्राला रॅम-एसएसडीपेक्षा ब्लोअर आणि नवी थर्मल पेस्ट लागते, तीही दर हंगामानंतर. आणि संगणक साच्यांच्या खोलीत ठेवूच नये, हे वेगळं सांगायला नको.

वीज कडाडून गेल्यावर इंटरनेट बंद पडलं तर कार्ड जळालं की केबल, हे ठरवायला ‘गेट-नेटअॅडॅप्टर’ पुरे. यादीत कार्ड असून ‘डिस्कनेक्टेड’ लिहिलेलं असेल तर आधी केबल आणि राउटर तपासा. यादीतून कार्डच गायब असेल तर लिनक्सच्या पेनड्राइव्हवर ‘एलएसपीसीआय’ (एल-एस-पी-सी-आय) देऊन खात्री करा. तिथेही ‘इथरनेट’ ही ओळ नसेल, तर बोर्डावरची चिप बहुधा गेली. यूएसबीला लावायचं स्वस्त नेटवर्क कार्ड घ्या, त्यासाठी मदरबोर्ड बदलायला लावणाऱ्याचं ऐकू नका.

या सगळ्या कमांडची उत्तरं जपून ठेवा. कमांडनंतर एक जागा सोडून ‘मोठं’ हे गणिती चिन्ह (>) आणि फाइलचं नाव लिहिलं की उत्तर पडद्याऐवजी फाइलमध्ये जातं. त्याच फाइलमध्ये पुढची भर घालायची असेल तर तेच चिन्ह दोनदा द्या. एकदाच दिलं तर आधीचं पुसलं जातं, हे ध्यानात असू द्या. अॅडमिनिस्ट्रेटरच्या खिडकीत फाइलच्या नावाआधी ‘सी:’ आणि फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहा, नाहीतर ती विंडोजच्या पोटात कुठेतरी जाऊन बसते. सिस्टिमइन्फो, बायोस, प्रोसेसर, फिजिकलमेमरी आणि गेट-फिजिकलडिस्क या पाचांची एक फाइल करून स्वतःला ईमेल करा. दुरुस्तीला यंत्र देण्याआधी आणि परत आल्यावर, दोन्ही वेळा. रॅमच्या पट्टीचा आणि डिस्कचा अनुक्रमांक बदलला असेल तर तो त्यात दिसतो. आणि ईमेलमध्येच ठेवा, त्याच यंत्रात ठेवून उपयोग नाही. २२ जुलै २०२१ च्या महाडच्या पुरात दुकानं आणि घरं पाण्याखाली गेली; कुंडलिका आणि अंबा या नद्यांच्या काठीही पावसाळ्यात धाकधूक असतेच. पंचनाम्यात आणि विम्याच्या दाव्यात ‘एक संगणक’ असं लिहिण्यापेक्षा मॉडेल आणि अनुक्रमांकासह लिहिलेली नोंद केव्हाही बरी.

खरेदीच्या दिवशी प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅमचा प्रकार, डिस्कचा अनुक्रमांक आणि तास हे सगळं बिलावर लिहून घ्या. ‘आय-फाइव्ह संगणक, एक नग’ असं बिल पुढे उपयोगी पडत नाही. तपासू देणार नाही किंवा बिल देणार नाही, असं म्हणणाऱ्याकडून स्वस्तातही घेऊ नका. घेतल्यावर सांगितल्यापेक्षा वेगळा माल निघाला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि रायगड जिल्ह्याचा ग्राहक आयोग अलिबागला आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, आणि तक्रारीची मुदत दोन वर्षांची.